कधीपासून दुखत होतं

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी दोन्ही हातांत ताणून ट्यूबलाइटकडे धरली. "काका, हार्ट अटॅक आहे," ते म्हणाले. पट्टी खाली न ठेवताच त्यांनी विचारलं, "कधीपासून दुखत होतं?"

मी म्हणालो, "आत्ता, तासाभरापूर्वी. सून घरात आली आणि ही कोसळली."

ते खोटं होतं.

माझी बायको हिरा समोरच्या खाटेवर पडली होती. अंगावर लग्नातलं नवं लुगडं, हातात कोपरापर्यंत चुडा, कपाळावरचं कुंकू घामाने भुवईपर्यंत उतरलेलं. माझ्या डोक्यावर फेटा तसाच होता. त्याच दुपारी अंबाडीजवळच्या एका गावात आमच्या दिनेशचं लग्न लागलं होतं. संध्याकाळी आम्ही भिवंडीतल्या एका खाजगी दवाखान्यात उभे होतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. राहनाळच्या जवळच आमचं गाव. गावात अजून मला सगळे मास्तरच म्हणतात, हिरासुद्धा. मास्तर बोलले म्हणजे तसंच असणार, असं लोक धरून चालतात. त्या संध्याकाळी मी जे बोललो तेही त्यांनी तसंच धरलं, आणि पुढे कित्येक वर्षं धरून ठेवलं. म्हणून हे लिहितो आहे. शिवाय असा प्रसंग उद्या कुणाच्याही घरी येईल, त्याला यातलं काही उपयोगी पडलं तर पडेल.

डॉक्टर तरुण होते. माझं उत्तर ऐकून त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"तासाभराचं असेल तर वेळेत आलात," ते म्हणाले. "हृदयाला रक्त नेणारी एक नळी आत गुठळी होऊन बंद पडलीय. ती गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, स्ट्रेप्टोकायनेज. ते जितकं लवकर जाईल तितका हृदयाचा स्नायू वाचतो."

मग त्यांनी पट्टी पुन्हा बघितली. पहिल्यापेक्षा जास्त वेळ.

"हे मला तासाभराचं दिसत नाही. आठवून सांगा. दुपारी काही झालं होतं? काल?"

माझ्यामागे माझी थोरली बहीण आक्का उभी होती. तिच्यामागे दिनेश, कपाळाला मुंडावळ्यांचा वळ घेऊन. दाराबाहेर भावकीतले दहा-बारा जण. काल म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग काल का नाही आणलंत?

"नाही," मी म्हणालो. "काल चांगली होती. काल तर गायली."

डॉक्टर हिराकडे वळले. "मावशी, तुम्ही सांगा. कधीपासून?"

हिराने माझ्याकडे बघितलं. मी नजर फिरवली नाही, फिरवायला हवी होती. ती म्हणाली, "मास्तर सांगतान तसंच."

आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं.

आता काल काय झालं होतं ते.

आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. आणि हळदीला मुख्य माणूस धवलारीण. ती धवळे गाते, म्हणजे लग्नाच्या एकेका विधीची गाणी. तिने गाण्यातून देवांना बोलवायचं, घराण्यातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन बोलवायचं, मग हळद लावायची. हिरा आमच्या भागातली नावाजलेली धवलारीण. आजूबाजूच्या गावांतून तिला बोलावणी यायची. मुलाच्या हळदीला वरमाईने गायचं नसतं, असं आक्का म्हणत होती. हिराने ऐकलं नाही. "लोकांच्या पोरांना गायले, आणि माझ्या पोराला दुसरी गाणार?"

धवळे सुरू झाले की धवलारणीने अर्ध्यातून उठायचं नाही, असा आमच्या घराण्यातला रिवाज. बोलावलेले देव आणि पितर वाटेतच उभे राहतात म्हणतात.

तिसऱ्या प्रहरी हिरा हळदीसाठी रांगोळीने भरलेल्या चौकाशी गायला बसली. थोड्याच वेळाने तिने मला हाताने खूण करून बोलावलं. गाणं बाकीच्या बाया ओढत होत्या.

"मास्तर, जबडा ठणकतंय. खालची दाढ असंल."

तिला रोज मशेरी लावायची सवय. भाजून काळी केलेली तंबाखूची पूड, ती दातांना घासायची. आमच्या गावातल्या निम्म्या बाया लावतात. दाढ दुखली की मशेरी दाबून धरायची, हा सगळ्यांचा इलाज. मी स्वतः घरात जाऊन तिची डबी आणून दिली. तिने दाढेखाली चिमूट धरली आणि पुढचं गाणं उचललं.

दुसऱ्यांदा तिने बोलावलं तेव्हा दिवस कलला होता. पदराने मान पुसत होती. मंडपात पंखे होते, तरी तिला घाम फुटला होता. "पाठीत भरून आलंय. मळमळतंय. जराशी आत आडवी पडते, यांना गाऊ दे."

त्याच वेळी मंडपाच्या तोंडाशी गाड्या थांबत होत्या. आमच्या शेतांवर गोदामं उभी राहिली तेव्हापासून हळदीला नुसते सोयरे येत नाहीत, पुढारी येतात, गोदामवाले येतात, शहरातले व्यापारी येतात. मंडपाची झालर किती आणि बेंजोवाले कुठले, यावरून घराची उंची मोजतात. मीही त्यात होतो. आयुष्यभर शाळेत पोरांना साधेपणा शिकवला आणि स्वतःच्या मुलाच्या हळदीला मंडप रस्त्यापर्यंत आणला.

मी तिला म्हणालो, "पित्त झालंय तुला. सकाळपासून उपाशी आहेस. आता उठलीस तर काय म्हणतील? अर्ध्यात उठतात का?"

ती म्हणाली, "उठत न्हाय कोनी. पन कोनाला असं झालंबी न्हाय."

मी तिला सोडा दिला. ती बसून राहिली.

तिसऱ्यांदा तिने खूण केली नाही. माझ्याकडे फक्त बघितलं. मी एका पाहुण्याला टिळा लावत होतो.

हळद पूर्ण झाली. हिरा उठली, मागच्या पडवीत जाऊन ओकली आणि झोपली. सकाळी म्हणाली, बरं वाटतंय, अंगात जीव नाही एवढंच. वऱ्हाडाच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून होती. लग्न लागताना तिने अक्षता टाकायला हात उचलला तो अर्ध्यातूनच खाली आला. हे मी बघितलं होतं.

संध्याकाळी वरात दारात आली. आमची सून वैशाली उंबऱ्याशी उभी राहिली. हिरा आतून आरतीचं ताट घेऊन आली. वैशालीने पायाने माप लवंडलं, तांदूळ घरात सांडले, आणि त्याच क्षणी ताट वाजलं. हिरा तांदळांवरच पडली.

आक्का ओरडली. काय ओरडली ते मी ऐकलं होतं. "पाय लागला न लागला, सासूला खाल्ली!"

वैशाली आमच्या समाजातली नव्हती. आतल्या गावातल्या शेतकऱ्याची मुलगी, दिनेशबरोबर भिवंडीच्या कॉलेजात होती. दोघांनी ठरवलेलं लग्न. आक्काला ते पहिल्यापासून मान्य नव्हतं. त्या एका वाक्याला दारातल्या निम्म्या लोकांनी मान डोलावली.

दवाखान्याच्या त्या बाकावर मी बसलो तेव्हा हे सगळं माझ्या डोक्यात होतं असं म्हणणार नाही. डोक्यात एकच होतं. कुणी मला विचारू नये.

मग डॉक्टर बाहेर आले आणि इंजेक्शन देण्याआधी घरच्यांना सांगावं लागतं म्हणून सांगू लागले. "हे औषध गुठळी विरघळवतं, पण शरीरात सगळीकडेच रक्त पातळ करतं. कधी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अटॅक ताजा असेल तर हा धोका घेण्यासारखा असतो, कारण फायदा मोठा आहे. पुष्कळ तास उलटून गेले असतील तर स्नायू आधीच मेलेला असतो. मग फायदा जवळपास नाही, धोका तेवढा उरतो."

दिनेश म्हणाला, "तासच झालाय डॉक्टर. बाबांनी सांगितलंय ना. द्या तुम्ही."

डॉक्टर आत गेले. दाराच्या काचेतून मला दिसत होतं. नर्सने छोटी बाटली हातात घेतली, तिच्यात सुईने पाणी सोडलं आणि बाटली दोन तळव्यांमध्ये हळूहळू फिरवू लागली. हिरा छताकडे बघत होती.

मी उठलो. आक्काने विचारलं, "कुठं चाललास, काशा?" मी म्हणालो, "पाणी देतो तिला."

आत जाऊन मी दार लावून घेतलं. "डॉक्टर, थांबा. काल दुपारपासून आहे. जबडा, पाठ, घाम, उलटी. सगळं कालच झालं. तिने मला सांगितलं होतं."

नर्सचे हात थांबले.

डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची ओढली, मला बसवलं आणि भराभर विचारलं. मध्ये बरं वाटलं होतं का, पुन्हा कधी वाढलं, साखरेचा आजार आहे का, तंबाखू घेतात का. मी मशेरीचं सांगितलं. डबी मीच आणून दिली हेही सांगितलं.

ते म्हणाले, "बायकांमध्ये पुष्कळदा छातीत कळ येतच नाही. जबडा दुखतो, पाठ भरते, घाम, मळमळ, नुसता थकवा. साखर असेल तर आणखीच फसवं. तुम्हाला कळलं नाही यात तुमची चूक कमी आहे. पण हे मला मघाशीच सांगायला हवं होतं."

मी म्हणालो, "बाहेर सांगू नका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पुढच्या डॉक्टरांना मी खरं सांगणार. तुमच्या घरच्यांना काय सांगायचं ते तुम्ही बघा."

मी काय केलं? बाहेर येऊन सांगितलं की इथे सोय नाही, ठाण्याला न्यायचं आहे. एवढंच.

ठाण्याच्या हॉस्पिटलात अँजिओग्राफी करायची होती. म्हणजे जांघेतून बारीक नळी हृदयापर्यंत सरकवून, आत रंग सोडून, कुठे अडथळा आहे ते पडद्यावर बघायचं. अँब्युलन्स आली. सलाइनची बाटली धरायला मागे कुणीतरी हवं होतं. दिनेश डॉक्टरांशी बोलत होता. कोण चढणार, अशी चुळबूळ चालली असताना वैशाली शालूचा घोळ कमरेला खोचून सरळ आत चढली.

"तू नको!" आक्का ओरडली. "आजच्या दिवशी तरी लांब ऱ्हा तिच्यापासून!"

वैशालीने बाटली हातात घेतली. "आत्या, मी उतरते, तुम्ही चढा. पण कोणीतरी लवकर चढा."

आक्काचे गुडघे दुखतात. ती चढली नाही. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. दार बंद झालं.

कशेळीच्या पुलावर गाड्या अडकल्याचं ड्रायव्हरला कळलं होतं, म्हणून त्याने बायपासने घेतलं. मानकोली नाक्यावर एक कंटेनर गोदामाकडे वळताना आडवा झाला होता. पुढे ट्रक, मागे ट्रक, आणि दुसरीकडून कुणाची तरी वरात. भोंगा वाजत होता, पण वाट द्यायला जागाच नव्हती.

"चाचा, घबराओ मत," ड्रायव्हर म्हणाला. तो भिवंडीचाच होता. मग खिडकीतून अंग बाहेर काढून ओरडला, "अरे भाऊ, नवरा नंतर नाचव, आधी गाडी काढ! पेशंट आहे, पेशंट!"

हिराची नाडी मंदावत होती. सोबत आलेल्या पुरुष नर्सने तिच्या मनगटावरचं बोट काढलं, गळ्याशी लावलं आणि सलाइनमध्ये एक औषध टोचलं. मी मागे वळून त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्याने माझ्याकडे बघणं टाळलं.

तेवढ्यात हिराने नाकावरचा मास्क बाजूला केला आणि वैशालीला जवळ बोलावलं. वैशालीने कान तिच्या तोंडाशी नेला. भोंग्यात मला काही ऐकू आलं नाही. वैशालीने मान हलवली, मास्क नीट बसवला आणि उरलेल्या वाटेत हिराचा हात सोडला नाही. वैशालीच्या हातावरची मेंदी अजून काळपट होती.

काय बोलली, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं असं वाटलं, म्हणूनच विचारलं नाही.

कंटेनर सरळ झाला. ठाण्याला पोहोचलो तेव्हा हिरा हाकेला ओ देत नव्हती.

आयसीयू म्हणजे अतिदक्षता विभाग. तिथे नेल्याबरोबर त्यांनी आधी टेम्पररी पेसमेकर बसवला. हृदयाचे ठोके फार हळू पडू लागले की शिरेतून एक तार आत घालतात आणि बाहेरचं छोटं यंत्र त्या तारेतून ठोके देत राहतं. मग अँजिओग्राफी. मग ती बंद नळी आतून फुगा फुगवून उघडली आणि स्टेंट घातला. स्टेंट म्हणजे जाळीची बारीक नळी, ती आत राहून वाट उघडी ठेवते.

हे मी आता सोप्या शब्दांत लिहितो आहे. तेव्हा यातला एकेक शब्द मी दोनदोनदा विचारून घेतला. विचारायला लाजू नये. तिथले लोक घाईत असतात, पण थांबवून विचारलं तर सांगतात.

सकाळी मोठे डॉक्टर बाहेर आले. त्यांनी मला एकट्याला बाजूला घेतलं. भिवंडीच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलेलं होतं, हे त्यांच्या बोलण्यावरून कळलं.

"त्या वाचतील असं वाटतंय. अजून तीन दिवस नक्की बोलणार नाही. हृदयाचा खालचा भाग मात्र गेला. तो परत येत नाही. पंपिंग कमी राहणार, म्हणजे हृदय पूर्वीइतक्या जोराने रक्त ढकलणार नाही. परवा दुपारीच आणलं असतं तर तो भाग वाचला असता." मग ते म्हणाले, "ते इंजेक्शन मात्र दिलं नाही ते बरं झालं."

मी हात जोडले. हे बाहेर बोलू नका म्हणून जोडले, ते त्यांना कळलं असावं.

आयसीयूत दिवसातून एकदाच आत सोडत. दुसऱ्या दिवशी मला सोडलं. हिराने डोळे उघडले, बराच वेळ माझ्या डोक्याकडे बघत राहिली आणि खरखरीत आवाजात म्हणाली, "मास्तर, फेटा काढा आता. नवरदेव तुमी न्हाय."

मी तोच फेटा घालून हिंडत होतो. कुणीच सांगितलं नव्हतं. मी हसलो आणि मला रडू आलं. नर्सने मला बाहेर काढलं.

बाहेरच्या बाकांवर मात्र वेगळंच शिजत होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी वैशालीकडे बघायचा, मग विचारायचा, कसं झालं? आणि आक्का सांगायची, माप ओलांडलं आणि कोसळली. मास्तरांनी डॉक्टरांना तसंच सांगितलं. आदल्या दिवशी तर चांगली गात होती. मी तिथेच बसलेलो असायचो. मास्तरांच्या तोंडून आलेलं आहे म्हटल्यावर कुणी पुढे विचारत नसे.

तिसऱ्या दिवशी बाकावर वैशाली दिसली नाही. ती जिन्याखाली, चपला ठेवतात तिथे बसली होती. दिनेशला विचारलं तर म्हणाला, "लोक येतात बाबा. तिलाच नको वाटतं."

तेव्हाही मी बोललो नाही. हिरा घरी आली की बोलू, असं ठरवलं.

हिरा घरी आली. जिना चढायचा नाही, मीठ कमी, मशेरी बंद, गाणं बंद. आक्का बघायला आली. वैशालीने चहा आणून ठेवला, तर आक्काने तो घेतला नाही. हिराने ते बघितलं.

"आक्का, पोरीचं काय न्हाय यात. मना हळदीच्या दिवशीच दुखत व्हतं."

आक्का माझ्याकडे वळली. "काय रं काशा? खरं?"

यापेक्षा सोपा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नसेल. मी म्हणालो, "तिला त्या दिवसांचं नीट आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं."

डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते.

आक्का म्हणाली, "सुनेला पाठीशी घालतेय, दुसरं काय!" हिराने भिंतीकडे तोंड केलं. पहिलं खोटं मी घाबरून बोललो. हे दुसरं शांत बसून, चहा पिताना बोललो. तिच्या हृदयाचा एक भाग मी उशीर करून घालवला होताच, त्या दिवशी तिचा शब्दही घालवला.

त्यानंतर हिरा त्याविषयी कधी बोलली नाही. मी औषध-पाणी दिलं तर ती घ्यायची, थट्टा करायची, पण रात्रीचं जेवण ती वैशालीबरोबर स्वयंपाकघरात जेवू लागली.

वैशालीने तिचं सगळं केलं. औषधांच्या वेळा, बिनमिठाची भाकरी, चालायला नेणं. आधी दारापासून विहिरीपर्यंत, मग देवळापर्यंत. पण गावात कुणाकडे लग्न निघालं की वैशालीला पुढे घेत नसत. नवरीला ओवाळायला नाही, हळद लावायला नाही. तोंडावर कुणी काही म्हणायचं नाही. ती स्वतःच मागे, भांड्यांकडे जाऊन बसायची. नात झाली, ती शाळेत जाऊ लागली, तरी हे चालूच राहिलं.

एक गोष्ट मला उशिरा कळली. चालताना हिरा तिला धवळे शिकवत होती. जोरात गायला बंदी होती, म्हणून एक ओळ पुटपुटायची, वैशालीने ती मोठ्याने म्हणायची. पुटपुटायला दम लागत नाही, असं हिराचं म्हणणं.

गेल्या वर्षी आक्काच्या नातवाची हळद निघाली. आक्काने हट्ट धरला की धवळे हिरानेच गायचे. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गाऊ द्या, पण थांबत थांबत, आणि काहीही दुखलं तर तिथेच उठायचं. हिरा म्हणाली, "मी गाईन, पन माझ्या बाजूला वैशाली बसंल. मी थांबले की ती उचलंल."

मंडपात चौक भरला होता. हिरा बसली. वैशाली तिच्या शेजारी बसायला वाकली, तेवढ्यात आक्का म्हणाली, "वैशाली, तू मागं बस गो. वाईट वाटून घेऊ नको. नातवाची हलद हाय माझ्या."

वैशाली वाकलेली तशीच सरळ झाली. नेहमीसारखी मागे वळली. हिराने माझ्याकडे बघितलं नाही. पूर्वी बघितलं होतं, दिनेशच्या हळदीला आणि दवाखान्यात. या वेळी तिने फक्त पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

मी खुर्चीवरून उठलो.

"आक्का," मी म्हणालो. आवाज शाळेतला निघाला, बायांची कुजबुज थांबली. "हिराला दिनेशच्या हळदीच्याच दिवशी अटॅक आला होता. वैशाली आपल्या घरात यायच्या आदल्या दिवशी. हिराने मला सांगितलं होतं. मी तिला उठू दिलं नाही, मशेरी आणून दिली. डॉक्टरांना मी खोटं सांगितलं, नंतर तुला खोटं सांगितलं. हिराला सगळं आठवत होतं."

बाहेर बेंजोवाला सूर लावत होता, तोही थांबला.

आक्का माझ्याकडे बघत राहिली. "एवढी वरसं, काशा? आनि मला बोलू दिलंस?" मग ती जागची सरकली, सतरंजीवर हात आपटला आणि वैशालीकडे न बघताच म्हणाली, "बस इथं. काय उभी ऱ्हायलीस खांबासारखी."

वैशाली बसली.

घरी आल्यावर मी वैशालीची माफी मागितली. ती म्हणाली, "बाबा, आईंनी मला गाडीतच सांगितलं होतं. मानकोलीला."

"मग तू बोलली का नाहीस?"

"मी नवी सून. मी बोलले असते तर तुम्ही मलापण खोटी ठरवली असती." ती हे रागाने म्हणाली नाही, म्हणून जास्त लागलं. मग ती नातीची वेणी घालायला गेली. तिने मला माफ केलं की नाही, हे तिने सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलेलं नाही.

हिरा म्हणाली, "एका वाक्याचं काम व्हतं, मास्तर." त्या रात्री तिने मला स्वयंपाकघरात जेवायला बोलावलं.

ज्यांच्या घरात बाईमाणूस जबडा दुखतो म्हणेल, पाठ भरली म्हणेल, उगाच घाम फुटलाय म्हणेल, त्यांनी सोडा आणि मशेरी शोधू नये. ईसीजी काढून आणावा. आणि डॉक्टर विचारतील, कधीपासून, तेव्हा मागे कोण उभं आहे ते बघू नये. त्या उत्तरावर औषध ठरतं. आमच्याकडे त्यावर एका पोरीची कित्येक वर्षंही ठरली. भिवंडीच्या त्या तरुण डॉक्टरांचा मी ऋणी आहे. त्यांनी माझं उत्तर ऐकूनही पट्टी पुन्हा बघितली.

त्या हळदीचं शेवटचं सांगतो. हिरा देवांची नावं घेत गात होती. मग पितरांची सुरू झाली. अर्ध्यावर तिचा श्वास कमी पडला. तिने गाणं थांबवलं, वैशालीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तांब्या तोंडाला लावला. वैशालीने लगेच उचललं नाही. आधी सासूचा श्वास जागेवर आला का ते बघत राहिली. तोवर मंडपात सगळे गप्प बसून होते, आणि बोलावलेले देव, पितर वाटेतच उभे होते. मग तिने पुढची ओळ धरली.

कुणाचं काही बिघडलं नाही.